सीईटीचं सर्वात स्वस्त गाइड: बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं, आणि ती कुठे कमी पडतात

दहावीचा निकाल लागला की घरात पहिला विषय क्लासचा निघतो आणि दुसरा टेस्ट सिरीजचा. बालभारतीच्या पुस्तकांचा विषय निघालाच तर "कॉलेजात लागतील, आणून ठेव" एवढ्यावर संपतो. मग दोन वर्षं ती कपाटात कोरी राहतात आणि मूल क्लासच्या जाडजूड मॉड्यूलमध्ये बुडून जातं. एमएचटी-सीईटी ही राज्याची अभियांत्रिकी आणि फार्मसीची प्रवेशपरीक्षा. तिच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटासाठी हा क्रम उलटा आहे. ही पुस्तकं शाळेची म्हणून बाजूला ठेवून, सीईटीचं गाइड म्हणून विकत घेतली तर पैसे वसूल होतात का, एवढंच इथे तपासलं आहे.

आधी माल काय आहे ते पाहू. अकरावीची सध्याची पुस्तकं २०१९ची, बारावीची २०२०ची. दोन्ही वर्षांना भौतिकशास्त्र एक, रसायनशास्त्र एक आणि गणिताचे दोन भाग, म्हणजे पीसीएमचा पूर्ण संच आठ पुस्तकांचा. गणित घेताना मुखपृष्ठावर कला व विज्ञान शाखा लिहिलंय ना ते बघा. वाणिज्य शाखेचं गणित वेगळं असतं आणि घाईत तेच हातात येतं. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्यांची पीडीएफ मोफत आहे, पण गणित आणि रसायन छापीलच घ्या. समासात लिहिता आलं नाही तर या पुस्तकांचा निम्मा उपयोग गेला.

परीक्षेचा साचा बहुतेकांना ठाऊक असतो, तरी पुस्तक जोखायला तो समोर लागतो. भौतिकचे ५० आणि रसायनचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, आणखी ९० मिनिटं. एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकरावीला २० टक्के आणि बारावीला ८० टक्के वाटा, म्हणजे प्रत्येक विषयात साधारण १० प्रश्न अकरावीचे. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, काठिण्यपातळी मात्र जेईई मेन या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी परीक्षेच्या तोडीची, असं परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलचं माहितीपत्रकच सांगतं. सगळी गोम या एका ओळीत आहे. पुस्तक तुम्हाला अभ्यासक्रम शंभर टक्के देतं. काठिण्य किती देतं, ते विषयागणिक बदलतं.

रसायनापासून सुरुवात करतो, कारण इथे या पुस्तकाला तोड नाही. बारावीची सोळा प्रकरणं: घन अवस्था आणि द्रावणांपासून पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीपर्यंत. आता गंमत बघा. जेईई मेनच्या अभ्यासक्रमातून २०२४ साली घन अवस्था, वायू-द्रव अवस्था, पृष्ठभाग रसायन, गट १ आणि २ची मूलद्रव्यं, पॉलिमर आणि दैनंदिन जीवनातलं रसायन हे सगळं वगळलं गेलं. सीईटीच्या यादीत यातलं जवळजवळ सगळं अजून आहे. जेईईच्या बॅचमध्ये बसणाऱ्या मुलाला हे भाग क्लासात कुणी शिकवत नाही, आणि "जेईई केलं की सीईटी आपोआप होते" या भरवशावर तो राहतो. आपोआप होत नाही. रसायनातले सर्वात सोपे गुण नेमके याच प्रकरणांत असतात आणि त्यासाठी लागणारी पानं याच पुस्तकात आहेत.

पॉलिमरचं प्रकरण उदाहरणादाखल घ्या. नायलॉन ६ कॅप्रोलॅक्टमपासून, नायलॉन ६,६ हेक्झामिथिलीनडायअमीन आणि ॲडिपिक ॲसिडपासून, निओप्रीन क्लोरोप्रीनपासून, ब्यूना-एस ब्यूटाडाईन आणि स्टायरीनपासून. एवढ्या जोड्या पाठ असल्या की प्रश्न दहा सेकंदांत सुटतो आणि वाट्याच्या ५४ सेकंदांतली उरलेली चव्वेचाळीस भौतिकच्या गणिताला मिळतात. रंगीत चौकटी, तक्ते आणि "डू यू नो"च्या पट्ट्या मुलं वगळतात, कारण बोर्डात त्यांवर प्रश्न येत नाही असं कॉलेजात सांगितलेलं असतं. सीईटीच्या वाचनात आधी चौकटी आणि तक्ते, मग मजकूर, असा क्रम ठेवा.

रसायनातली गणितंही पुस्तकाच्या सोडवलेल्या उदाहरणांच्या घरातलीच असतात, आकडे बदललेले. चुका रसायनाच्या नसतात, एककांच्या असतात. समजा तांब्यासारखा धातू, मोलर वस्तुमान ६३.५, फलककेंद्रित घन रचना (म्हणजे एका कोशिकेत ४ अणू), एकक कोशिकेची कड ४०० पिकोमीटर, घनता काढा. कड आधी सेंटीमीटरमध्ये: ४ गुणिले १०चा उणे ८ वा घात. तिचा घन ६४ गुणिले १०चा उणे २४ वा घात. त्याला अव्होगॅड्रो संख्येने गुणलं की सगळे घात उडून ३८.५४ उरतात. वर ४ गुणिले ६३.५, म्हणजे २५४. भागाकार ६.५९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. परीक्षेत ६.०२२च्या जागी सरळ ६ घ्या, उत्तर ६.६१ येतं आणि योग्य पर्याय तरीही ओळखता येतो. हेच गणित पिकोमीटरमध्ये ठेवून करू गेलं की दहाच्या घातांत पोरगं दीड मिनिट अडकतं. पुस्तकातलं प्रत्येक सोडवलेलं उदाहरण एकदा असं, कॅल्क्युलेटरशिवाय, अंदाजी आकडे घेऊन पुन्हा करायचं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही आणि बोर्डासारखी लॉग टेबलही नाहीत. त्यामुळे २, ३ आणि ५चे लॉग (०.३०१०, ०.४७७१, ०.६९९०) तोंडपाठ हवेत. नर्न्स्टच्या समीकरणात पुस्तक ०.०५९२ घेतं, तेच घ्या. प्रथम कोटीच्या अभिक्रियेत ७५ टक्क्यांना दोन अर्धायुष्यं आणि ९९.९ टक्क्यांना जवळपास दहा, हे लक्षात असलं की लॉग लावायचीही गरज पडत नाही.

रसायनासाठी वेगळं गाइड घेऊ नका. पुस्तक आणि जुन्या सीईटीचे प्रकरणवार प्रश्न पुरेत.

भौतिकचं पुस्तक चांगलं आहे, पण ते मुलाकडून हात धरून वाचून घ्यावं लागतं. राज्य मंडळाचं भौतिक आणि एनसीईआरटीचं (सीबीएसईच्या पुस्तकांतलं) भौतिक यांत प्रकरणांची नावं सारखी दिसतात, भर वेगळ्या ठिकाणी असतो. बारावीच्या पहिल्याच प्रकरणात इथे वळणावरचा रस्त्याचा उतार, शंकूरूप लंबक, मृत्यूची विहीर (मौत का कुआँ), मृत्यूगोल आणि उभ्या वर्तुळातली गती सविस्तर आहे. तरंगांच्या अध्यारोपणात नळ्या, तारा, सोनोमीटर, टोकाची दुरुस्ती आणि बीट्स यांना भरपूर पानं दिली आहेत. पोटेन्शिओमीटर एनसीईआरटीतून गेला, इथे तो आहे. क्लासचं मॉड्यूल बाहेरच्या शहरात छापलेलं असेल तर हे भाग त्यात पातळ असतात.

नळ्यांच्या बाबतीत एक सापळा दरवर्षी माणसं खातो. हार्मोनिक (मूळ वारंवारतेची पट) आणि ओव्हरटोन (मूळ स्वराच्या वरचे, क्रमाने मोजलेले स्वर) यांची सरमिसळ. दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीत तिसरा ओव्हरटोन म्हणजे चौथा हार्मोनिक. एक टोक बंद असेल तर तिसरा ओव्हरटोन म्हणजे सातवा हार्मोनिक, कारण तिथे मूळ वारंवारतेच्या विषम पटीच येतात. प्रश्नात "तिसरा" हा शब्द दिसला की मूल तीनने गुणून मोकळं होतं, आणि तीनने गुणलेलं उत्तर पर्यायांत हमखास बसवलेलं असतं. पुस्तकात हे दोन परिच्छेदांत नीट दिलं आहे. ते दोन परिच्छेद वाचून समासात दोन ओळींचा तक्ता करून ठेवायचा.

भौतिकच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वाध्यायात बहुपर्यायी प्रश्न मोजकेच असतात. खरा ऐवज त्यापुढच्या गणितांत आहे, आणि त्यांची उत्तरं कंसात दिलेली आहेत. ती बोर्डाच्या पद्धतीने, "दिलेले, सूत्र, उत्तर" असं मांडत सीईटीसाठी सोडवू नका. एका कोऱ्या कागदावर फक्त सूत्र आणि आकडे, एका गणिताला दोन ओळी. शंभर प्रश्न ९० मिनिटांत म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. रसायन ३५ ते ४० मिनिटांत उरकून भौतिकला ५० मिनिटं काढावी लागतात, आणि सात पायऱ्यांची मांडणी बोटांत बसलेल्या मुलाला हे जमत नाही. तेव्हा जून ते डिसेंबर दोन्ही पद्धती समांतर चालवाव्यात. बोर्डाची लेखी परीक्षा मार्चात संपते, त्यानंतर सीईटीला हातात जेमतेम काही आठवडे असतात. सवय बदलायला तेवढा वेळ पुरत नाही.

गणितात मात्र पुस्तक अर्ध्या वाटेवर सोडून देतं.

संकल्पना, सूत्रं, सोडवलेली उदाहरणं यांत खोट काढायला जागा नाही. बारावीच्या पहिल्या भागात तर्कशास्त्र, सारण्या, त्रिकोणमितीय फलं, रेषांची जोडी, सदिश, रेषा व प्रतल आणि रेषीय प्रायोजन. दुसऱ्या भागात अवकलन, समाकलन, अवकल समीकरणं आणि दोन संभाव्यता वितरणं. यातलं तर्कशास्त्र, रेषीय प्रायोजन आणि रेषांची जोडी जेईईवाले शिकवत नाहीत किंवा ओझरतं शिकवतात. स्विचिंग सर्किटचं समतुल्य विधान लिहिणं किंवा सुसाध्य क्षेत्राच्या कोपऱ्यांवर किंमत काढणं हे प्रत्येकी दोन गुणांचे, एका मिनिटाच्या आतले प्रश्न आहेत. ते पुस्तकातूनच करायचे.

रेषांच्या जोडीतली एक चूक जवळून बघण्यासारखी आहे. एक्स वर्ग वजा ५ एक्सवाय अधिक ६ वाय वर्ग बरोबर शून्य, दोन रेषांमधला लघुकोन काढा. सूत्रात एक्सवायचा सहगुणक २एच असतो, म्हणून एच उणे अडीच. एचचा वर्ग ६.२५, त्यातून १ गुणिले ६ वजा केले की ०.२५, वर्गमूळ ०.५, दुप्पट १. खाली १ अधिक ६ म्हणजे ७. कोनाचा टॅन्जंट एक सप्तमांश. घाईत एच म्हणून उणे ५ घेतलं की वर २ गुणिले मूळ १९ येतं, आणि तसाही एक पर्याय समोर असला तर मूल निर्धास्तपणे तोच टिपतं. पडताळा सोपा आहे: अवयव पाडा. एक्स वजा २ वाय आणि एक्स वजा ३ वाय, चढ अर्धा आणि एक तृतीयांश, फरकाला १ अधिक गुणाकाराने भागा, पुन्हा एक सप्तमांश.

अडचण समाकलन, अवकलनाचे उपयोग, सदिश आणि संभाव्यता इथे येते. पुस्तकातले स्वाध्याय एका वेळी एकच कल्पना वापरतात. सीईटीचा प्रश्न दोन प्रकरणं एकत्र आणतो: व्यस्त त्रिकोणमितीय फल ठेवून अवकलन, सांततेच्या अटीतून स्थिरांक काढून मग मर्यादा, सदिशाच्या पेटीगुणाकारात सारणीचं निश्चयक. प्रश्नामागे १०८ सेकंद मिळतात. प्रकरणाअखेरचा संकीर्ण स्वाध्याय पूर्ण सोडवला तरी या मिश्र प्रश्नांचा सराव होत नाही. गणिताला जुन्या सीईटीच्या प्रश्नांचं जाड पुस्तक घ्यावंच लागतं, आणि त्यावर जेईई मेनचे मधल्या पातळीचे प्रश्न. पैसे खर्च करायचेच असतील तर या विषयावर करा. गुणही निम्मे याच विषयाला आहेत, आणि अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात.

अकरावीबद्दल एक सावधानी. सीईटीच्या यादीत अकरावीची निवडक प्रकरणं असतात: भौतिकची ८, रसायनची १०, गणिताची १०. त्या-त्या वर्षीची यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मुलं यादीबाहेरची पानं उघडतही नाहीत, आणि बारावीत अडखळतात. निश्चयक आणि सारण्या यादीत नाहीत, पण त्यांच्याशिवाय सदिशांचा पेटीगुणाकार सुटत नाही. शांकव यादीत नसेल त्या वर्षीही अन्वस्त आणि लंबवर्तुळ ओळखता आलं नाही तर समाकलनाने क्षेत्रफळ काढताना आकृतीच उभी राहत नाही. अकरावीच्या दुसऱ्या भागातलं शेवटचं अवकलन वगळलं की बारावीचा दुसरा भाग पहिल्याच पानावर अवघड जातो. ही तीन प्रकरणं बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात करून टाकावीत. यादीतल्या २८ प्रकरणांची उजळणी दिवाळीच्या सुट्टीत बसते, त्यानंतर तिला जागा मिळत नाही.

आता टेस्ट सिरीज. पुस्तकात संगणकावरची परीक्षा नाही, त्यामुळे ती वेगळी लागतेच. विकत घेण्याआधी एक मोफत नमुना पेपर मागा आणि तो घड्याळ लावून सोडवण्याऐवजी तपासा. चुकीच्या उत्तराला गुण कापत असतील तर ती जेईईची सिरीज आहे, नाव तेवढं सीईटीचं. तिन्ही विषय १८० मिनिटं एकत्र उघडे असतील तर तीही चालणार नाही, कारण खऱ्या परीक्षेत भौतिक-रसायनाची ९० मिनिटं संपल्यावरच गणित उघडतं आणि मागे जाता येत नाही. रसायनात एकही पॉलिमर, कलिल किंवा ग्रीन केमिस्ट्रीचा प्रश्न नसेल तर पेपर काढणाऱ्याने बालभारतीचं पुस्तक पाहिलेलं नाही. आणि गणिताचे प्रश्न इंग्रजीत हवेत. भौतिक-रसायनाला मराठीचा पर्याय असतो, गणिताला नसतो. संगणकाच्या पडद्याची ओळख व्हावी म्हणून सीईटी सेलची स्वतःची मोफत मॉक टेस्ट पुरेशी आहे. तेवढ्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

सिरीज चालू झाल्यावर पुस्तक बंद करायचं नाही. पेपरात चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्या मुद्द्याचा पुस्तकातला पान क्रमांक लिहायचा. पान सापडलं तर चूक वाचनाची किंवा घाईची. रसायनात चार-पाच पेपरांनंतरही पानं सापडेनाशी झाली तर सिरीज बदला. गणितात पानं सापडणार नाहीत, ते अपेक्षितच आहे. तिथे पानाऐवजी कोणती दोन प्रकरणं एकत्र आली ते लिहा. महिन्याभरात दिसतं की तीच तीन-चार जोड्या पुन्हा पुन्हा मार खातायत.

खऱ्या पेपरातही सदोष प्रश्न येतात हे धरून चला. २०२५ साली २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकीचे निघाले आणि ५ मेला फेरपरीक्षा घ्यावी लागली. एवढं क्वचित होतं, पण एखाद्या प्रश्नात कुठलाच पर्याय जुळेना झाला तर तिसऱ्यांदा गणित मांडत बसू नये. काहीतरी टिपून पुढे जावं, नंतर उत्तरसूचीवर आक्षेप घेता येतो. शेवटची तीन मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्या प्रश्नांवर एक-एक पर्याय टिपून टाकायचा, कोरं काहीच ठेवायचं नाही.

पुस्तकांबद्दलच्या तक्रारीही नोंदवायला हव्यात. विज्ञानाची ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला पहिले दोन-तीन महिने फार जड जातात. त्याने मोठे परिच्छेद सोडून सोडवलेल्या उदाहरणांपासून सुरुवात केली तर भाषा लवकर हाताखाली येते. बांधणी बेताची आहे, गणिताचा भाग दोन वर्षभरात सुटतोच, आणल्या दिवशी प्लास्टिकची पट्टी लावून घ्या. उत्तरांत छपाईच्या चुका आहेत. दोनदा करूनही उत्तर जुळलं नाही तर शिक्षकांना विचारून पुस्तकातच दुरुस्त करा. आणि भौतिकच्या काही आकृत्या इतक्या बारीक आहेत की त्या फोनवरच्या पीडीएफमध्ये मोठ्या करून पाहाव्या लागतात.

हीच पुस्तकं बोर्डालाही लागतात, ही दुसरी वसुली. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, तरी बारावीच्या संबंधित तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. कॉलेज आणि क्लास एकाच ठिकाणी करणाऱ्या, बोर्डाला पूर्ण रजा दिलेल्या "इंटिग्रेटेड" मुलांची गाडी इथे अडते.

कुणी घेऊ नयेत? ज्याचं लक्ष्य फक्त नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आहे त्याने यांना मुख्य पुस्तक करू नये. नीटचं जीवशास्त्र एनसीईआरटीच्या ओळीओळीवर चालतं. फार्मसीचा विचार असेल तर मात्र पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटाची सीईटीही द्यावी, आणि तिथे जीवशास्त्राचे १०० प्रश्न याच मंडळाच्या पुस्तकातले असतात. औषधनिर्माणशास्त्राला पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गट चालतात, म्हणून अकरावीत गणित ठेवायचं की सोडायचं यावर घरात वाद चालू असेल तर निदान अकरावी संपेपर्यंत चारही विषय ठेवावेत. आर्किटेक्चरचा रस्ता वेगळ्या परीक्षेवरून जातो, त्यासाठी हा संच घेऊ नका.

विकत घेताना आधीच्या बॅचच्या मुलाचा जुना संच मिळत असेल तर भौतिक आणि रसायन बिनधास्त जुनं घ्या, पण २०१९-२०च्या आधीचा अभ्यासक्रम नाही ना हे पहिल्या पानावर बघून. गणिताचे चारही भाग नवेच घ्या. जुन्यात उत्तरं पेन्सिलीने लिहिलेली असतात आणि सराव तिथेच संपतो.